उतरवलेला पाला

प्रिय भिंगरी,

तुझं क्रीम पोचलं. खोक्यात खोकं, त्यात मऊ कागद, त्यात इवलासा चमचा, आणि सगळ्याच्या तळाशी बोटभर मलम. झाकणावर फोटो आहे. ही बाई कोण, असं मी तुझ्या आईला दोनदा विचारलं. तिने माझा चष्मा पुसून दिला आणि म्हणाली, तुम्हीच. माझ्या कपाळावरच्या आठ्या कुणी पुसल्या ते कळव. निम्म्या तुझ्या आजोबांनी पाडलेल्या आहेत, त्यांना विचारायला हवं होतं.

खाली लिहिलंय, 'आजीच्या तारुण्याचं गुपित, ताज्या उतरवलेल्या पाल्याच्या अर्कात.' तिसरीत शाळा सुटली माझी, पण एवढं वाचता येतं. कसलं तारुण्य आणि कसलं गुपित? पंचवीस वर्षं धुलाईच्या कारखान्यात मी लोकांच्या चादरी सोड्याच्या पाण्यात बुडवल्या. बोटांना अशा भेगा पडायच्या की तुझ्या आत्याची वेणी घालताना तिचे केस त्यांत अडकायचे. म्हणून मागच्या दारच्या झाडाचा पाला लावायचे, हाताला. तोंडाला कशाला लावू, तोंडाने काय चादरी धुवायचे? पुढे काम सुटलं तरी भेगा सुटल्या नाहीत. तू ओट्यावर बसून पाय हलवत विचारायचीस, आजी, याने हात तरुण होतात का गं? मी हो म्हटलं असेल. पोर गप्प बसावं म्हणून माणूस काहीही म्हणतं. तू त्यावर कंपनी काढशील हे मला काय माहीत.

मोबाईलवरची तुझी मुलाखतही पाहिली. पांढरा कोट घालून सांगत होतीस, अर्क सुरकुतीच्या मुळाशी जातो. सुरकुतीला मूळ असतं हे मला नवीनच. तुझ्या शेजारी बसलेली ती केस मोकळे सोडलेली म्हणाली, वय मागे नेतो. नेऊन करायचंय काय? मला कुणी पंचविशीची करायला आलं तर मी दाराला कडी लावीन. पंचविशीत मी दिवसभर वाफेत उभी असायचे.

तरी लावलं मी. हसू नकोस. मंगळवारी घरात कुणी नसताना, फक्त डाव्या गालाला. उजवा तसाच ठेवला, फरक पडलाच तर कळावा म्हणून. मग खिडकीशी उन्हात वाटाणे सोलत बसले. बुधवारी गाल लाल झाला, गुरुवारी फोड आले, आता तिथे पानाएवढा काळा डाग आहे. तुझ्या आईला सांगितलंय, पातेल्याची वाफ लागली.

आज खोकं पुन्हा वाचलं तेव्हा सापडलं. 'ताज्या उतरवलेल्या.' पाला उतरवून मगच लावायचा, असं मीच तुला सांगितलं होतं. तू समजलीस, झाडावरून. अगं, चुलीवरून. दोन उकळ्या आल्या की पातेलं उतरवायचं, ते पाणी फेकायचं, मग पाला वाटायचा. कच्चा रस ऊन लागलं की कातडी जाळतो. धुलाईतल्या प्रत्येकीला हे ठाऊक, म्हणून कुणी फोड करून सांगत नसे. मीही नाही केली. तुझ्या कोटवाल्यांनी तो रस बंद खोलीत दिव्याखाली तपासला असणार. बाई उन्हातही जाते हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल. तुझे खोके सोमवारी दुकानांत जाणार म्हणे. जाऊ देऊ नकोस. फोनवर मला हे बोलवलं नसतं, म्हणून तुझ्या बापाच्या हाती पत्र देतेय. आत काय आहे ते त्याला माहीत नाही. कंपनीवाले ओरडतील. म्हणावं, आजी अडाणी, अर्धवट बोलली. खरंच आहे ते. आणि कुणाला पटलं नाही तर ये, माझ्या गालाचा फोटो काढून ने. या वेळी मात्र काही पुसू नका.

तुझीच,
डागवाली आजी