मयत नातवास अंगणवाडी मिळणेबाबत

प्रति,
मा. विकास अधिकारी,
नवीन वसाहत कक्ष,
सोलापूर.

विषय : आमच्या मुलांना आधी म्हातारे व नंतर मयत दाखविल्याची नोंद दुरुस्त करून अंगणवाडी सुरू करणेबाबत.

संदर्भ : आपले घरोघर सर्वेक्षण, आणि माझा मागील अर्ज, ज्यावर दुर्दैवाने कारवाई झाली.

महोदय,

१. सविनय अर्ज करते की, मी मायाक्का बिरप्पा कोळेकर, मूळची सांगोला तालुक्यातली, कुंभारी रस्त्यावरील कामगार वसाहतीत मुलगा-सुनेजवळ राहते. इथे सगळी तरणी जोडपी. म्हातारी माणसे मेंढरांमागे गावीच राहिली, वसाहतीत म्हातारी अशी मी एकटी. पाळणे मात्र घरोघरी हलतात. आपल्याच पत्रकात हा भाग "तरुण व वेगाने वाढणारा" आहे, आणि त्यात आपण बांधलेत ज्येष्ठ नागरिक केंद्र.

२. आमच्यात वारलेल्या आजोबाचे नाव नातवाला ठेवतात. माझे यजमान बिरप्पा गुंडा कोळेकर. मुलगा गुंडा. म्हणजे नातू पुन्हा बिरप्पा गुंडा कोळेकर. शेजारी प्रभुकडे आणि सिद्धलिंगप्पाकडेही हीच रीत. आपल्या संगणकाने ही नावे गावाकडच्या जुन्या मतदार याद्यांशी जुळवली आणि पाळण्यातल्या पोरांना आजोबांची वये चिकटवली. अंकिता, रेश्मा अशा नव्या नावांच्या मुली कोणाशीच जुळल्या नाहीत, म्हणून त्या वसाहतीत नाहीतच असे ठरले.

३. खात्री करायला आपला माणूस आला होता, पण उंबऱ्याबाहेरूनच. बिरप्पा चालतात का, असे त्याने विचारले. सून दिपाली म्हणाली, "धरून धरून चालतोय की." दात? "चारच हायत." जेवण? "मऊ भात कालवून भरवावा लागतोय, आन् हातरून तर रोज वलं." सासऱ्याला अरेतुरे करते म्हणून त्याने तिला दोन शब्द सुनावले आणि 'परावलंबी वृद्ध' असा शेरा मारला. मग नातवाला काठी आली, कवळी मंजूर झाली. माझे यजमान काठीसाठी हेलपाटे घालता घालता गेले, त्यांना मिळाली नव्हती. हे लिहिताना मला फार राग येतो. अर्जात राग चालत नसल्यास एवढे वाक्य खोडावे.

४. म्हणून मी कळवले की या नावांचे म्हातारे केव्हाच वारले आहेत. आपण कधी नव्हे ती तत्परता दाखवून सगळी पोरे मयत केली आणि केंद्राला कुलूप लावले. आता अंगणवाडी मागितली तर आपले उत्तर येते, "सदर वसाहतीत जिवंत बालक आढळून येत नाही."

५. दिपाली गणवेश शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर आहे. पोर घेऊन आलीस तर मशीन दुसरीला देईन, असे मालकाने तिला बजावले आहे. तिचे काम गेले तर आम्हाला बिऱ्हाड उचलून परत मेंढरांमागे जावे लागेल. बाकीच्या आयांचेही तेच, म्हणून सगळी पोरे माझ्याकडे. माझ्या गुडघ्यांच्याने ती आवरत नाहीत. परवा प्रभुचा गुरप्पा रस्त्यावर मुरमाच्या टिपरपुढे गेला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, नाहीतर आपली नोंद खरी झाली असती. त्या रात्री मी जेवले नाही.

६. मुले जिवंत असल्यास समक्ष हजर करावीत, असे आपण फर्मावले आहे. त्याप्रमाणे सोमवारी कार्यालय उघडताच सर्व मयत मुले, नसलेल्या मुलींसह, आपल्या टेबलापाशी आणून सोडते. आया कामावरून सुटल्या की घेऊन जातील. अंगणवाडी उघडेपर्यंत हे रोज चालेल. मयत असली तरी त्यांना दुपारी भूक लागते, तरी तशी तजवीज ठेवावी.

आपली, नोंदीत अद्याप जिवंत,
मायाक्का बिरप्पा कोळेकर
(लिहिले सुनेने, बोल माझे)

दि. १३ जून २०२५

सोबत : दुपटी व बदलायचे कपडे. मुले मोजून घेऊन पोच द्यावी.