भिजवलेला तिरंगा

बाबा, शनिवारी बदलापुरातल्या आमच्या शाळेत तुमची तिकिटं मांडायची आहेत. देशोदेशीचे झेंडे आणि राजमुद्रा, एवढाच विषय. मी भूगोल शिकवते आणि पोरांना झेंडे माहीत आहेत ते फक्त क्रिकेटमुळे. बाकी सगळं मांडून झालं, एक पाकीट तेवढं हातात घेऊन बसले आहे. ज्याच्याबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते, तेच.

मोरिवलीच्या कारखान्याला सुट्टी असली की तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून उल्हासनगरला न्यायचात. कापडाच्या दुकानातले सिंधी काका परदेशातल्या नातेवाइकांची पाकिटं आपल्यासाठी जपून ठेवायचे. "लो साईं, इस बार गरुडवाला आया है," म्हणायचे. घरी आलं की परातीत पाणी घ्यायचं, पाकिटाचा कोपरा कापून त्यात सोडायचा, तिकीट आपोआप सुटायचं. ते काम माझं होतं आणि मला त्याची फार ऐट होती.

म्हणूनच घोळ झाला. तिरंग्याचं तिकीट निघालं त्या दिवशी तुम्ही अर्धी पाळी बुडवून पोस्टात रांग लावलीत आणि त्याच दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट आणलंत. मला वाटलं, सगळ्यांचे झेंडे वहीत आणि आपलाच पाकिटावर का? तुम्ही कामावर असताना मी ते परातीत टाकलं. असं पाकीट अख्खंच ठेवायचं असतं, शिक्का अर्धा तिकिटावर नि अर्धा कागदावर असतो, हे मला कुठे ठाऊक? तुम्ही घरी येता, मी म्हणते, "पत्रा गळला." तुम्ही वर बघता, पाकिटाकडे बघता, आणि ओरडत नाही. "माझीच चूक, बाय. आपल्या घरात असला कागद टिकायचा नाय." त्यानंतर तसं पाकीट तुम्ही कधीच आणलं नाहीत. नव्या तिकिटाची बातमी आली की पेपर घडी घालून बाजूला ठेवायचात. मी बघायचे आणि गप्प बसायचे. त्याची मला अजून लाज वाटते.

आज आमचे चामटोलीचे शिपाई टेबलं लावत होते. "मॅडम, हे खराब झालेलं पण लावायचं?"

"हो. मीच खराब केलंय. वडिलांना सांगितलं, छप्पर गळलं."

त्यांनी हातातलं टेबल खाली ठेवलं. "मी बापाचा रेडिओ विहिरीत पाडलेला. माकडानं नेला म्हणून सांगितलं. म्हातारा अजून माकडांना शिव्या घालतो."

आम्ही दोघं हसलो. मग ते म्हणाले, "तुम्ही पाकिटाखाली खरं लिहून लावणार असाल तर मी पण आज घरी सांगून टाकतो."

त्यांना अजून सांगता येतंय, बाबा. मला त्यांचा हेवा वाटला आणि फार बरंही वाटलं. लगेच चिठ्ठी लिहिली: 'हे पाकीट संग्राहकाच्या मुलीने भिजवले आणि दोष छपराला दिला.'

एवढं पेनाने लिहिलंय. खाली माझं नाव मात्र अजून पेन्सिलीने आहे.