पट्टा फुगला की हलायचं नाही

ती. अंजनीमावशी,

पायाला हात लावून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, नागपुरात ऊन किती तापून राहिलं, काकांनी तंबाखूचा खर्रा सोडला का, सगळं लिही. आम्ही मजेत, म्हणजे माझं बीपी सोडून. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपल्या घरी एकटं बोलताच येत नाही, म्हणून पत्र.

झालं असं, आमच्या इथे ओमती मोहल्ल्याजवळ शाळेच्या मुलांच्या तपासणीचं शिबिर होतं. मी शाळा सोडलेली, तरी बाबांनी नेलंच (सोळा वर्षांची पण चालते म्हणे). डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजलं, पट्टा बदलून परत मोजलं, आणि म्हणाल्या, जास्त आहे, पण एका दिवसाच्या मोजण्यावर पोरांना बीपीचे पेशंट म्हणत नसतात, घरी शांत बसवून मोजत जा. शांत! आपल्या घरी! बाबांनी मशीन आणली तर आईने आधी तिला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. मग मला पाटावर बसवलं, औक्षणाला बसवतात तसं, आणि समोर सगळी मंडळी. तुला तर माहीत आहे, चार लोक बघून राहिले की माझे कान तापतात (शाळा काहून सुटली? वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की घशातून आवाजच निघेना). आकडा आला की बाबा गॅलरीतून सांगत, आणि खालून कोणीतरी ओरडायचं, "चलो, कल से तो कम है!" वरचे भय्यासाहेब चहाचा कप घेऊनच यायचे आणि माझ्यानंतर आपलं मोजून घ्यायचे. त्यांचं माझ्याहून कमी आलं की पेढा मागायचे.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा, कमरेला डबी बांधून दिली. दिवसभर, रात्रभर आपोआप मोजते. पट्टा फुगला की हात सोडून द्यायचा, हलायचं नाही. आईला नेमकं त्याच दिवशी सराफ्यात जायचं होतं. दुकानात मी एक बांगडी उचलली आणि पट्टा फुगला. मी पुतळा. दुकानदार खूश, "बिटिया को पसंद आ गई, पैक कर दूँ?" आई म्हणे ठेव ती खाली, पण ठेवू कशी? (शेवटी आईनेच माझ्या बोटांतून ओढून काढली. सगळं दुकान पाहून राहिलं होतं. तेव्हाचा आकडा मी बघितलाच नाही.)

आता आई सगळ्यांना सांगते, काही नाही हो, पोरगी लाजाळू आहे, माणसं पाहून चढतं. तू पण काळजी करू नको.

तुझी,
नंदा

ता. क. आई सांगते ते खरं नाही. झोपेत मला कोण पाहून राहिलं होतं? तरी झोपेतले आकडे पण जास्तच आले. बाईंनी किडनीची तपासणी सांगितली, आणि विचारलं, घरात कोणाला कमी वयापासून बीपी आहे का. आई पटकन म्हणाली, आमच्याकडे असं काही नाही. (बाहेर आल्यावर मला म्हणे, उद्या लग्नाचं पाहायचं आहे, असं कोणी बोलतं का!)

आणखी ता. क. मावशी, तू इथे आली की रोज सकाळी देवघरात पाठमोरी होऊन एक गोळी गिळते. मी पाहिलं आहे. ती कशाची आणि कधीपासून, तेवढं आईला सांग ना. बाईंना ते कळायला पाहिजे. आणि मला एक गोष्ट वेगळी लिही. गोळी घेता घेता तू लग्न केलं, दोन पोरं वाढवली, स्टेशनवर ऑटोवाल्याशी भांडते. हे सगळं जमतं ना? आईला विचारता येत नाही.