जाळीचं मशीन

प्रिय विनोद,

रोज फोनवर बोलणारी ताई पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. अप्पा आहेत. आज सकाळी चार चमचे पेज गिळली. फोनवर तू "ताई, रडू नको" म्हणतोस आणि माझं पुढचं बोलणंच अडकतं, म्हणून इथं लातूरला दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते. चाकणच्या कंपनीत सुट्टी मिळत नाही हे तुझं शंभरदा ऐकलंय. त्यावरून भांडायला हे पत्र नाही.

तुला अप्पांची रविवारची दाढी आठवते का रे? पितळी वाटीत फेस, मी आरसा धरलेला, हलला की ओरडा खायचा, आणि तू गाल फुगवून त्यांची नक्कल करायचास. भीमाआजोबांच्या गावात न्हावी आपल्या माणसांच्या तोंडाला हात लावत नव्हता. आजोबा स्वतःच वस्तरा चालवायला शिकले, त्यांनी अप्पांना शिकवलं आणि अप्पांनी तुला. औसा डेपोत तीस वर्षं कंडक्टर राहिले, पण हा माणूस जन्मात सलूनच्या खुर्चीत बसला नाही. आपल्या तोंडाला आपल्याच घरचा हात, एवढंच म्हणायचे. दाढी झाली की पांढराशुभ्र सदरा घालून विहारात जायचे.

मग हृदयाची झडप बदलली आणि रक्त पातळ करायची गोळी मागं लागली. गेल्या बुद्धपौर्णिमेला ब्लेड हनुवटीला लागलं ते तुला सांगितलं होतं. एक मात्र सांगितलं नव्हतं. कापूस लावून तसेच विहारात गेले, आणि वंदना चालू असताना सदऱ्याच्या गळ्यापासून छातीपर्यंत रक्त उतरलं. बाया ओरडल्या, कुणी खुर्ची आणली, कुणी रिक्षा. अप्पांना रक्ताचं काही नव्हतं, त्या गोंधळाची लाज वाटली. महिनाभर विहारात गेले नाहीत.

डॉक्टरांनी ब्लेड बंद म्हणून सांगितलं आणि मी दाढीच्या मशीनसाठी नांदेडात दुकानं पालथी घातली. ट्रिमर खुंट ठेवतो, ते अप्पांना चालणार नाही. गोल पात्यांचं हाताला जड पडत होतं. डॉक्टर म्हणाले होते जाळीचं घ्या, पातं आत राहतं, कातडीला थेट लागत नाही. तू म्हणालास, महागातलं घे, मी पैसे पाठवतो. मी साधंच घेतलं. वजनाला हलकं, बटण एकच आणि मोठं, नळाखाली धुता येणारं. थरथरत्या हाताला दुसरं काय पाहिजे? दुकानात मी ते माझ्याच मनगटावर फिरवून बघितलं, तो दुकानदार बघतच राहिला बिचारा. अप्पांनी हातात घेऊन उलटसुलट केलं, "लई झ्याक हाय" म्हणाले आणि कपाटात ठेवलं. त्यानंतर दर रविवारी फोनवर सांगायचे, दाढी झाली, थेंब न्हाई आला. मी तुझ्याकडे केवढी शेखी मिरवली!

आता ऐक. त्यांना झटका आला त्या दिवशी डॉक्टरांनी पहिलं विचारलं, गोळी रोजची रोज होती का? मी ताठ मानेनं हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी कपडे आणायला घरी गेले, तर कपाटात मशीन खोक्यातच. जाळीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. मोरीत ब्लेड आणि ब्रश. शेजारच्या सिंधुकाकूंनी सांगितलं, अप्पा शुक्रवारची आणि शनिवारची गोळी घेत नव्हते. दोन दिवस सोडली की रविवारी रक्त गुमान ऱ्हातंय, असं म्हणायचे. अक्कल म्हणावी की काय म्हणावं! गोळी सुटली तशी झडपेवर गुठळी झाली, तीच डोक्यात गेली. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं.

विनोद, हे सगळं तुला फोनवर सांगता आलं असतं. सांगता आलं नाही ते पुढचं आहे. डिसेंबरात तपासणीला अप्पा नांदेडला आले तेव्हा मीच त्यांची पिशवी भरली. गोळ्यांच्या पाकिटात उरायला नको होत्या एवढ्या गोळ्या उरलेल्या मी बघितल्या. विचारलं तर म्हणाले, ऱ्हायल्या असतील. गाल गुळगुळीत होता, सदरा पांढरा होता, कितीतरी महिन्यांनी विहारातल्या गमती सांगून हसत होते. ते हसणं मला मोडवेना. मी पिशवीची चेन लावली आणि गप्प बसले. काल डॉक्टरांना खरं सांगून आले, आज तुला सांगते. बारा दिवसांची दाढी वाढलीय. वॉर्डात न्हावी आला तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी मशीन लावायला गेले तर डाव्या हातानं माझं मनगट धरलं, आणि मोबाईलवरच्या तुझ्या फोटोवर बोट ठेवलं, दोनदा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण शिकवलं तुलाच होतं ना त्यांनी. मशीन चार्ज करून ठेवलंय. मला काय बोलायचं ते नंतर पोटभर बोल, मी ऐकून घेईन. आधी ये आणि त्यांची दाढी कर. आरसा मी धरते.

तुझीच ताई,
लुंबिनी