मोगऱ्याला फूट येण्याआधी

तू हळदीकुंकवाला गेल्यावर हे लिहितोय, कारण समोर बोलायला मला जमलं नसतं. दिवाळीनंतर सुनेचं, शरयूचं, माहेरून, सांगलीहून पत्र आलं होतं. ते मी तुला दाखवलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. तिनं विचारलं होतं, बाळ तर गेलं, आता मी परत आले तर घरात चालेल ना? आणि माझा मोगरा जगलाय का?

मोगऱ्याला फूट आली की लिहू, असं म्हणत मी महिने काढले. छाटलेल्या काड्या रोज नखानं खरवडून हिरवं दिसतंय का बघायचो. सध्या पाणी तोडायचं असतं हे ठाऊक असून दोनदा चोरून तांब्याभर घातलंही. तू म्हणालीस, "अहो, झाड सोलून काढल्यानं वसंत लवकर येणार आहे का?" तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाळ गेल्यापासून शरयूकडे बघवणार नाही, असं तू म्हणतेस, आणि आपला मधू तुझ्यापुढे गप्प बसतो. तो माझ्यावरच गेलाय.

आज रथसप्तमी आली तरी काडीवर एकही डोळा फुटलेला नाही. मोगऱ्याचं काही कळत नाही, असंच तिला लिहिलं. घर तुझंच आहे, रविवारी मधूला न्यायला पाठवतो, असंही लिहिलं. तुला विचारलं नाही, माझं चुकलं असेल.

दूध तापवून झाकलंय. मी वाचनालयात आहे. अंतर्देशीय आधी पेटीत टाकून आलो आणि मगच ही चिठ्ठी लिहायला बसलो; नाहीतर फाटकाशी तुझी चाहूल लागताच माझा धीर सुटला असता.