त्रिवेणीच्या नावाचं रक्त

गौलीगुडा, हैदराबाद
ता. २ मे १९९७

सौ. कुसुमताई विहीणबाई यांना सुशीलाबाईचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत, तुम्हीही बरे असाल. ऊन फार आहे, नळाला एक दिवसाआड पाणी येतं. ह्यांच्या सुलतान बाजारातल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, लोक आता कंपन्यांचे तयार कपडे घेतात. आमचा सारंग अजून बंगलोरलाच आहे, ट्रेनिंगला. पंधरा तारखेला येतो.

फोन केला असता. पण तुमचा फोन शेजारच्या मेडिकलवाल्याकडे आणि माझा एसटीडी बूथवर, दोन्हीकडे ऐकणारे बसलेले. म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, चुकलं तर सांभाळून घ्या.

त्रिवेणीला उदगीरला पाठवून दीड महिना झाला, तुमची एक ओळ नाही. राग आलाय ते कळतं. मलाही राग होता, तो आधी ऐका.

लग्न होऊन आली तेव्हा तुमची पोरगी तरतरीत होती. मागच्या वर्षापासून बघते तर दुपारी झोप, दिवेलागणीला झोप, तोंड सुजल्यासारखं, न्हाणीत केसांचं जाळं. दोन वर्षांत कूसही उजवली नाही. मी म्हणायची, "काय गं, सारखी झोपायलीस, रात्री चोऱ्या करायला जातीस का?" ती म्हणायची, "आई, अंगात त्राणच नाही हो." मला ते ढोंग वाटायचं.

शेवटी डॉक्टरीणबाईकडे नेलं. तेलुगू आहेत, पण मराठी समजतं आणि बोलतात. त्यांनी गळा चाचपला आणि थायरॉईडची एकच तपासणी लिहिली, टीएसएच. म्हणाल्या, "हा वाढलेला निघाला तर टी-फोर बघू. टी-थ्री नको. ह्या आजारात तो शेवटपर्यंत चांगला दिसतो, नुसता घोळ घालतो."

आबिड्सला नवी काचेची लॅब निघाली आहे, आत एसी. काउंटरवरची पोरगी म्हणते, "अम्मा, एक टेस्ट कायकू? पूरा पॅकेज लेलो ना. टी-थ्री, शुगर, किडनी, सब संगात आजाता." मी म्हटलं, "किडनी मेरेकू नक्को, तुमारी दुकान कू होना." एकच करून घेतली. टीएसएच पाचच्या आत पाहिजे, तिचा अठरा निघाला. रिपोर्ट घेऊन मी एकटीच गेले; डॉक्टरीणबाईंनी त्याच रक्तातला टी-फोर बघायला लावला, तो कमी निघाला, मग रोजची गोळी लिहून दिली.

माझा एकीवरही विश्वास बसला नाही. दहा तपासण्या विकणारी लबाड, ते तर दिसतंच. पण एकच लिहिणारी बाई तरी आजकाल एवढी साधी कशी? आणि सगळ्यात जास्त संशय तुमच्यावर. तुम्हाला आधीच माहीत होतं, लपवून गळ्यात बांधली, असं मी धरून बसले. त्रिवेणीला सांगितलं, अशक्तपणा आहे, आईकडे जाऊन विश्रांती घे. चैत्रातल्या हळदीकुंकवात मात्र बायकांना सांगून बसले की सुनेत दोष निघाला. रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी माझ्या कपाटात. उद्या तुमच्याशी बोलणी करायची वेळ आली तर कागद आपल्याकडे असावा, म्हणून.

म्हणजे पोरगी दीड महिना गोळीशिवाय आहे. हे तुम्हाला माहीत नसणार.

तिला पाठवल्यावर लॅबची चोरी पकडायची ठरवली. शेजारच्या एका बाईला पाठवलं. माझ्याच वयाची, धडधाकट, कधी आजारी न पडलेली. तिला सांगितलं, नाव त्रिवेणीचं दे आणि रक्त तुझं दे. हिच्यातही आजार निघाला म्हणजे हे सगळ्यांना एकच छापून देतात. रिपोर्ट आला तर चाळीसच्या वर! मी तो घेऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटला. सगळे पेशंट बघायला लागले. म्हटलं, "तुमची पेशंट त्रिवेणी तिकडे उदगीरला आहे. हे रक्त दुसरीचं. आता बोला."

त्या कागद सोडून माझ्याकडेच बघत बसल्या. "अम्मा, कोणाचं रक्त हे?"

"शेजारणीचं."

"तिचा आवाज पण असाच घोगरा झालाय? ती पण भर उन्हाळ्यात शाल घेऊन फिरते?"

विहीणबाई, शेजारीण कोणी नव्हती. सुई माझ्याच दंडात टोचली होती.

त्यांनी टाचेवर मागून छोटी हातोडी मारली. पाऊल हललं आणि आळशासारखं हळूहळू जागेवर आलं. म्हणाल्या, "आता स्वतःच्या नावाने द्या. टीएसएच आणि टी-फोर, दोन्ही." मी मुद्दाम आमच्या गल्लीतल्या जुन्या लॅबमधे गेले. तिथेही तेच. टीएसएच वर, टी-फोर खाली. सुनेला माझा आजार लागला का, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं तर हसल्या. हा लागत नाही, म्हणाल्या, बायकांत पुष्कळ असतो, लग्नाआधी असेलच असंही नाही, आणि गोळीने मूल राहायलाही अडचण येत नाही.

वर्षभर मी तिला झोपाळू म्हणत होते आणि दुपारी तिच्या आधी माझा डोळा लागत होता. माझं ते वय, तिचं ते ढोंग.

मी गोळी सुरू केली. अजून फरक नाही. सहा आठवड्यांनी परत टीएसएच बघू म्हणतात. त्यात काही डाव आहे का, तेही बघणार आहे.

त्रिवेणीची चिठ्ठी ह्याच पाकिटात घातली आहे. गोळी लगेच सुरू करा, सकाळी उपाशीपोटी. तिकडे कोणी सांगितलं म्हणून दहा तपासण्या करत बसू नका.

तुम्ही म्हणाल, मुलगा येतोय म्हणून बाई नरमली. थोडं तेही आहे. त्याला अजून काही माहीत नाही. हळदीकुंकवाच्या बायकांनाही खरं सांगितलेलं नाही, तोंड उघडत नाही. हे पत्र तुम्ही चार जणींना दाखवाल. दाखवा. पण आधी त्रिवेणीला वाचून दाखवा, एक ओळ न गाळता.

मुलाच्या आईने बोलावल्याशिवाय विहिणीच्या दारात जाऊ नये, हे मलाही कळतं. तरी येत्या गुरुवारच्या गाडीने येते. स्टेशनवर कोणाला पाठवू नका, साडीचोळी आणून ठेवू नका. मी ओसरीवर बसेन. त्रिवेणी बाहेर आली तर तिच्याशी बोलेन. नाही आली तर मिळेल त्या गाडीने परत जाईन, आणि सारंगला काय झालं ते मीच सांगेन. तिला समजावून बाहेर पाठवू नका. समजावलेली पोरगी मला नको.

न बोलावता येणारी,
सुशीला