कॉकवरची टिकली

सृष्टी,

मी अझीमच्या मोटारसायकलवरून नगरला आईकडे परत जातोय. तू सुप्याहून आलीस की पिकअप काढ, सोनईतून मामाला आणि करणला घे आणि थेट दवाखान्यात ये. दुपारच्या ऑपरेशनला दोघांचं रक्त हवंय, तेव्हा वाटेत त्यांना गाडी ढकलायला लावू नकोस.

डिझेलच्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस. तो आपल्या सरपंचासारखा कायम भरलेलंच दाखवतो. त्याला फक्त मागची टाकी कळते, आणि तिच्यात पाणी शिरलंय. सीटखालचा टाकी बदलायचा कॉक टिकलीच्या बाजूला, म्हणजे पुढच्या टाकीकडेच ठेव. ती टाकी निघतानाच पंपावर भरून घे. तरी बंद पडलीच, तर फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाब आणि मग चावी मार.

आईने कॉकला लावलेली जुनी टिकली पडली होती. काल नर्सने तिला कपाळावरची काढायला सांगितली, तर ती माझ्या बोटाला चिकटवून म्हणाली, "कॉकला लावा, न्हाईतर पोरगी वाटंत अडकंल." लावली आहे.

कपाटातलं टिकल्यांचं पाकीट तेवढं विसरू नकोस. ऑपरेशन झालं की तिला लागेल.

आप्पा